तरुण कामगार 'एआय'ला का बिचकतात?



कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच 'एआय', आता उसाच्या फडापर्यंत आली आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ साली तिचा उसावर प्रयोग केला. राज्य शासनानेही २०२५ मध्ये शेतीतील एआयचे धोरण मंजूर केले. उपग्रहाचे फोटो, जमिनीतील ओल व हवामान यांचा मेळ घालून यंत्र पाणी-खताचा सल्ला देते. उद्या तोडणीची तारीखही सुचवील.

निफाड-दिंडोरीकडे गटावर हिंडणारी आपली तरुण पोरे मात्र विचारतात, "साहेब, मग आमचं काय?" याला कामचुकारपणा म्हणू नये. बँक कर्मचारी संघटनांनाही हीच धास्ती होती. १९८३ साली संगणकाबाबत करार झाला आणि मगच बँकांत यंत्रे मोठ्या प्रमाणावर आली.

शिवाय पावसाळी ढगांतून उपग्रहाच्या साध्या फोटोत फड दिसत नाही. लोळलेला ऊस, गाडीवाटेतला चिखल बांधावर गेलेल्या स्लिपबॉयलाच कळतो. पक्व उसाची तोडणी लांबली तर वजन घटते आणि फटका आपल्यालाच बसतो. म्हणून आम्ही म्हणतो, यंत्र जरूर आणावे. पण आधी पोरांना विश्वासात घ्यावे, शिकवावे आणि शेवटचा शब्द फड पाहून आलेल्याचा ठेवावा. येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनीच हा विषय काढावा.