वेशीबाहेरचा ख्रिस्त

नव्या करारातील शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, लावदिकीया नगरीच्या मंडळीला लिहिलेले एक पत्र आहे. ही मंडळी पाखंडी नव्हती. ती सधन होती आणि आपल्याला काही उणे नाही अशा समजुतीत होती. तिच्यावर ठेवलेला आरोप एकच : ती थंड नाही, ऊनही नाही, कोमट आहे. त्याच पत्रात ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो आहे. म्हणजे मंडळी आत आहे आणि जिच्या ओठी त्याचे नाव आहे तिनेच त्याला बाहेर ठेवले आहे. आत्मसंतुष्ट धर्मजीवनाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही.

कोल्हापुरात हे पत्र वाचताना मिशनचे कंपाऊंड डोळ्यांपुढे येते. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर येथे आले. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले. महाराष्ट्रात मिशनच्या अशा अनेक संस्थांची दारे पूर्वास्पृश्यांसाठी उघडली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु अपमानापासून वाचवणारी भिंतच पुढे दुसरी वेस झाली. आत शाळा, नोकरी, प्रार्थना. बाहेर महारवाडा, मांगवाडा. ज्या वाड्यातून आजोबा आले त्या वाड्याशी नातवाचे नाते नाताळच्या फराळापुरते उरले.

बाबासाहेबांनी यावरच बोट ठेवले होते. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी ख्रिस्ताविषयीचा आदर व्यक्त केला. पण सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज लढत नाही, हेही तोंडावर सांगितले. शिक्षण मिळाले, संघर्ष मिळाला नाही, असा त्या टीकेचा रोख होता.

येथे दया आणि हक्क यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. दान घेणारा आभार मानून घरी जातो. हक्क मागणारा आपल्यासारख्या दुसऱ्यालाही हाक मारतो. आमच्या मंडळ्यांनी आभाराची प्रार्थना पाठ केली, हाक मारणे मात्र राहून गेले.

यावर उत्तर दिले जाते की, शासनानेच आम्हाला तोडले. ते खोटे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली; २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही धर्मांतरिताला मिळत नाही. धर्म बदलला की कायदा सुटतो, मार सुटत नाही.

ही मागणी न्याय्यच आहे. पण ती केवळ आपल्या सवलतीपुरती राहिली तर तेही कोमटपणच. वाड्यातल्या पोराला मारहाण झाली तेव्हा किती पाळकांनी पोलीस ठाण्याची पायरी चढली? आमच्यातल्या किती वकिलांनी त्याचा खटला हाती घेतला? तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीही वेगळी आहे. त्यावर आमच्या व्यासपीठावरून किती रविवार बोलले गेले? श्रद्धेची कसोटी उपासनेतील हजेरीने होत नाही, या प्रश्नांच्या उत्तरांनी होते.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की, येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. म्हणून त्याची अप्रतिष्ठा अंगावर घेऊन आपणही त्याच्याकडे बाहेर जावे. युरोपातल्या वाचकाला ही वेस समजावून सांगावी लागेल. आम्हाला नाही. आमचे पूर्वज पिढ्यान्पिढ्या तिच्या बाहेरच जगले. बांधिलकी म्हणजे त्या ठिकाणी परत जाणे. ख्रिस्त तेथेच उभा आहे, आणि आमचे भाऊबंदही.