१९२५ सालचा उजेड

मूकपटांच्या काळावरचा चित्रपट उभा करायचा, तर पहिल्यांदा सूर्य मोजावा लागतो. जव्हारच्या जयविलास राजवाड्यात रेकीला, म्हणजे चित्रीकरणाच्या जागा पाहायला, आलेल्या आमच्या मंडळींनी गाडीतून उतरल्याबरोबर तेच काम हाती घेतलं. कलादिग्दर्शक मोबाईलवरचं होकायंत्र धरून दालनादालनातून फिरत होती आणि मागून तिचा सहायक वहीत लिहीत होता: पूर्वेची खिडकी, साडेआठला ऊन जमिनीवर, दहाला दाराशी, अकराला संपलं. आज खोलीत हवा तेव्हा दिवस आणि हवी तेव्हा रात्र करता येते. १९२५ साली मुंबईतल्या मूकपट कंपन्यांचं बरंचसं काम उन्हावर चालायचं. उघड्यावर सेट, वर ऊन गाळायला पांढरं कापड, बाजूला चंदेरी कागद चिकटवलेले फळे. ढग आला की काम थांबलं. नटीला पहाटे कधी हजर व्हायचं, दृश्य पुन्हा घ्यायला वेळ आहे की नाही, हे तो उजेड ठरवायचा. त्या काळातल्या माणसांचे दिवस समजून घ्यायचे, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

ज्या कथेसाठी ही रेकी होती, ती रहस्यकथा आहे. मूकपटात काम करणारी एक नटी, तिच्याभोवती घुटमळणारी श्रीमंत माणसं, एक खून आणि त्यावरून उठलेला गदारोळ. पात्रं काल्पनिक आहेत, पण असा गदारोळ त्या काळानं खरोखर पाहिला होता. १९२४च्या नोव्हेंबरात हॉलिवूडचा निर्माता थॉमस इन्स हा वर्तमानपत्रांचा सम्राट हर्स्ट याच्या नौकेवर पाहुणा म्हणून गेला, तिथे आजारी पडला आणि काही दिवसांत वारला. नौकेवर चार्ली चॅप्लिन होता, नटी मॅरियन डेव्हिस होती, अशी बोलवा झाली आणि अफवांना अंत राहिला नाही. पीटर बोगदानोविच यांनी २००१ साली त्यावर ‘द कॅट्स म्याव’ हा चित्रपट केला. इन्सच्या मृत्यूला दोन महिनेही झाले नव्हते, तोच मुंबईत मलबार हिलवर गोळ्या झाडल्या गेल्या.

१२ जानेवारी १९२५ची ती रात्र. अब्दुल कादर बावला हा तरुण व्यापारी मोटारीतून चालला होता. सोबत मुमताज बेगम होती. ती नर्तकी. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारातून ती निघून आली होती. दुसऱ्या एका मोटारीनं त्यांना गाठलं, हल्लेखोरांनी बावलाला गोळ्या घातल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार केले. तिला ओढून नेण्याचा बेत होता. योगायोगानं त्याच रस्त्यानं परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून ती वाचली. बावला मात्र वाचला नाही. मुंबई हायकोर्टात खटला चालला, बॅरिस्टर जीना एका आरोपीच्या बाजूनं उभे राहिले, तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढच्या वर्षी, १९२६ साली, तुकोजीरावांना गादी सोडावी लागली.

चित्रपटाच्या माणसांना या प्रकरणात रस वाटण्याचं आणखी एक कारण आहे. खून झाला त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीनं त्यावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. होमी मास्टर त्याचे दिग्दर्शक. म्हणजे लफड्यातून चित्रपट काढायची रीत आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. त्या काळात भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले अगदी मोजके उरले. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, सडायची, काही वेळा तिच्यातली चांदी काढण्यासाठीही विकली जायची. बाईच्या चेहऱ्यावरच्या वारांची बातमी टिकली. ज्या पडद्यावर त्या काळच्या बायकांनी काम केलं, तो पडदा गेला.

म्हणून आजच्या कलाविभागावर वेगळीच जबाबदारी येते. पाहून घ्यायला मूळ चित्रपट फारसे हाताशी नाहीत. उरली आहेत छायाचित्रं, जाहिराती, न्यायालयाचे कागद आणि चित्रपटधंद्याची चौकशी करणाऱ्या १९२७-२८च्या रंगाचारियार समितीपुढच्या साक्षी. त्यावरून खोली उभी करायची. जयविलास राजवाडा यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीतला. ते १९२७ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, जव्हारच्या गादीवर आले. तेव्हा वास्तू कथेच्या काळानंतरची आहे, हे कलादिग्दर्शकाला पहिल्याच फेरीत सांगावं लागलं. “इमारत दाखवायची नाही, खोली दाखवायची,” असा तिचा निर्णय झाला. घुमट आणि दर्शनी बाजू चौकटीबाहेर. आतल्या एका दालनाचा कोपरा मुंबईतल्या धनिकाच्या दिवाणखान्यासाठी घ्यायचा आणि बाकीचं उभं करायचं.

उभं करायचं म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं असतं. राजवाड्याच्या भिंतीला एकही खिळा मारायचा नाही, ही पहिली अट. म्हणून भिंतीपुढे वीतभर अंतर सोडून प्लायचे फ्लॅट उभे राहणार, त्यांना मागून तिरक्या लाकडांचा आधार आणि पायाशी वाळूची पोती. फ्लॅटवर रंगाचे थर चढवून मग घासायचे, कारण राहत्या घराची भिंत हात लागतो तिथे काळवंडते आणि खुर्ची टेकते तिथे खरवडते. विजेच्या आजच्या पांढऱ्या पट्ट्या झाकायच्या, वरून लाकडी पट्टीवर धावणारी वायर आणि पितळी टोपीचा गोल स्विच लावायचा. जव्हारमधलेच एक सुतारकाका मापं घेत होते. खिडकीच्या चौकटीचं तावदान बघून ते म्हणाले, “ताई, ही काच नवी हाय. जुन्या काचेतून बाहेरचं झाड हललेलं दिसतं.” सहायकानं लगेच वहीत नोंद केली. जुन्या काचेला खरंच लाटा असत. कॅमेरा सरकला की त्या दिसतात.

दुपारी वेशभूषेची चाचणी झाली आणि त्या दिवसातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट तिथे दिसली. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. निळा मात्र ती उजळ टिपायची. त्यामुळे लाल ओठ काळे यायचे, निळं आभाळ पांढरंफटक यायचं आणि माणसाच्या कातडीतली लाली गडद होऊन चेहरा मळका दिसायचा. म्हणून नटनट्या चेहऱ्यावर फिकट लेप चढवत. वेशभूषाकारानं नऊवारी नेसलेल्या मुलीला खिडकीपाशी उभं केलं, फोटो काढला आणि लॅपटॉपवर त्यातला लाल रंग पूर्ण काढून टाकला. पडद्यावर जी बाई आली, ती आमच्यासमोर उभ्या असलेल्या बाईसारखी दिसत नव्हती. कपाळावरचं कुंकू काळा ठिपका झालं. डाळिंबी खण आणि काळा खण एकच झाले. निळी साडी विधवेच्या लुगड्यासारखी पांढरी पडली. मग एकेक कापड धरून पाहणं सुरू झालं: हे डोळ्यांना काय दिसतं, त्या फिल्मला काय दिसलं असतं.

ही नुसती तांत्रिक करामत नाही. कथेतली नटी रोज आरशात एक बाई पाहते आणि पडद्यावर तिला दुसरीच भेटते. प्रेक्षक त्या दुसरीच्या प्रेमात पडतात, तिच्याविषयी बोलतात, तिला पत्रं लिहितात. पहिलीला कुणी ओळखत नाही. दिग्दर्शकानं तिथल्या तिथे ठरवलं की चित्रपटात दोन्ही दाखवायच्या: राहतं जग रंगीत आणि मूकपटातला भाग त्या आंधळ्या फिल्मच्या नजरेतून.

कॅमेऱ्याचा सराव व्हरांड्यात चालला होता. कॅमेरामनची भूमिका करणाऱ्या नटाला दांडा फिरवायचा होता. सेकंदाला दोन फेरे, प्रत्येक फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला सोळा. हात दमला की वेग उतरतो आणि पडद्यावरची माणसं पळू लागतात. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः तयार केला आणि ‘सैरंध्री’ त्यावर घेतला. त्यामागची मेहनत, दांडा हातात घेतल्यावर थोडी तरी कळते. तो नट मनातल्या मनात अभंगाची लय धरून फेरे मोजत होता, आणि थोड्याच वेळात त्याचा खांदा भरून आला.

दुसरी जागा मोखाड्याच्या वाटेवर. मलबार हिलचा रस्ता रात्रभर अडवता येत नाही, म्हणून खुनाच्या दृश्यासाठी घाटातलं एक वळण पाहायचं होतं. जुनी मोटार इथवर ट्रकवर चढवूनच आणावी लागेल, चढाला ती टिकणार नाही. वळण देखणं होतं, पण आजूबाजूला सगळा साग. मलबार हिलला असं सागाचं रान नाही, आणि सागाचं पान एवढं मोठं की दिव्याच्या उजेडात लपत नाही. शेवटी डावीकडचा कातळ घ्यायचा आणि उजवीकडे गॅसच्या दिव्याचा एकच खांब रोवायचा, असं ठरलं.

पटकथेत त्या रात्री पाऊस लिहिला होता. इथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, तरी एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो, विहिरीच्या तळाशी बायका वाटीनं पाणी भरतात. अशा ठिकाणी टँकर रिकामे करून खोटा पाऊस पाडणं कुणालाच पटलं नाही. बावला खटल्यातली रात्रही जानेवारीतली, कोरडी. पाऊस कापला गेला आणि दृश्य इतिहासाच्या जास्त जवळ आलं.

संध्याकाळी मोखाड्यात चहा घेताना बोहाड्याचा, म्हणजे इथल्या मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाचा, विषय निघाला, कारण कलादिग्दर्शकाला टेंभ्याच्या उजेडात चेहरा कसा दिसतो ते समजून घ्यायचं होतं. मी या भागात बोहाडा पाहिला आहे. संबळ आणि सनईवर सोंग नाचत येतं, टेंभा मुखवट्याच्या पुढे धरलेला, उजेड खालून वर जाणारा. नाकाची सावली कपाळावर चढते आणि रंगवलेले डोळे हलल्यासारखे वाटतात. मुखवट्याआड कोण आहे ते गावाला ठाऊक असतं, शेजारचाच असतो. तरी सोंग समोर आलं की लोक हात जोडतात आणि मुखवटा उतरला की त्याच माणसाला पाणी देतात. सोंगाचा मान सोंगाला, माणसाची काळजी माणसाला. पडद्यावरच्या नटीच्या वाट्याला ही समज फार थोडी आली. १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केलं, तेव्हापासून पडद्यावर जे सोंग घेतलं, तेच बाईचं चारित्र्य समजलं गेलं.

लफड्यांच्या गोष्टी तिथेच जन्मतात. ज्याचं काम लोकांना दिसत नाही, त्याच्याविषयी लोक बाकी सगळं रचतात. १९३९ साली नटी शांता आपटे पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वाद कराराचा होता, म्हणजे कामाचा आणि हक्काचा. गाजला मात्र नटीचा तमाशा म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’मध्ये स्वतःचं आयुष्य स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला. मराठीत हा ठेवा आहे. रहस्यपट करणाऱ्यानं पोलिसी कागदांच्या आधी तो वाचावा.

या कथेच्या पहिल्या खर्ड्यात नटीची साक्ष अर्ध्या पानाची होती आणि खुनाचा पाठलाग अकरा पानांचा. जव्हारहून परतल्यावर लेखकानं ते प्रमाण बदललं. मुमताज बेगमनं प्रत्यक्षात इंदूरमध्ये आपली तान्ही मुलगी मारली गेली, असा आरोप केला होता. चेहऱ्यावर वार झालेली बाई भर कोर्टात उभी राहून बोलते, यापेक्षा मोठं दृश्य त्या खटल्यात दुसरं नाही. गोळी कुणी झाडली हे न्यायालयानं तेव्हाच ठरवलं. ती घर सोडून का निघाली, तिला काय हवं होतं, पडद्यावरच्या तिच्यासारख्या बाया पहाटेपासून ऊन उतरेपर्यंत कशासाठी राबत होत्या, हे आजवर कुणी नीट विचारलेलं नाही. खिडकीची दिशा, कुंकवाचा काळा ठिपका, दांड्याचे फेरे हे सगळं त्या प्रश्नासाठी लागतं. तिचं काम खरं दिसलं, तरच तिचं बोलणं खरं वाटेल. आणि तिचं बोलणं खरं वाटलं, तर प्रेक्षक तिच्याकडे लफड्यातली बाई म्हणून पाहणार नाहीत, साक्षीदार म्हणून पाहतील. शंभर वर्षांनी तरी तिला हे मिळायला हवं.