चित्रफितींच्या प्रती : पाठशुद्धि आणि विस्तार यांचा मेळ

पोथ्या, सनदा व नाणीं यांच्या संग्राहकांना चित्रफितीचा विषय अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून हें टिपण येथें कां, तें आरंभींच सांगणें बरें. मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गावरील ‘शकुंतला’ गाडी आमच्या वऱ्हाडांत सर्वांस परिचित आहे. तिला ओढणारें, मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ सालीं काढून त्या जागीं डिझेलचें आलें. त्या इंजिनाचें हलतें चित्र आज कोठें असेल, तर तें बहुधा त्या काळांत लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर घेतलेल्या घरगुती व्हीएचएस फितींतच. हौज कटोऱ्याच्या मनोऱ्याचें पूर्वीचें रूप, आतां पडून गेलेल्या वाड्यांच्या ओसऱ्या, यात्रेंतील कीर्तनकार, रिद्धपुरास जाणारे महानुभाव साधु हें सर्व अशाच फितींत अडकून पडलेलें आहे. या फिती इतिहासाचीं साधनें आहेत, आणि त्यांची स्थिति वाळवी लागलेल्या पोथीहून बरी नाहीं. त्या वाचणारीं यंत्रें करणारा शेवटचा जपानी कारखानाहि २०१६ सालीं थांबला. शिल्लक यंत्रें बिघडण्यापूर्वीं नक्कल झाली तर झाली.

नक्कल होत नाहीं असें नव्हे. गांवोगांवचीं दुकानें थोड्या पैशांत फितीची ‘फाइल’ करून देतात, आणि घरची मंडळी समाधानानें मूळ फीत रद्दींत टाकतात. आम्हीं अशी एक फाइल पाहिली. तींत मूळचें चौकोनी चित्र आडवें ताणून रुंद केलेलें, माणसें बुटकीं झालेलीं, हालचालीच्या कडेला कंगव्यासारखे दांते, आणि धुराच्या जागीं राखी चौकटींचा पुंजका. मूळ फीत तोंपर्यंत नष्ट झाली होती. दुकानदाराचा हेतु वाईट नव्हता. फाइल लहान व्हावी एवढीच त्याची दृष्टि होती. लहान व्हावी हें खरें, पण काय गमावून, हें ठरविण्याचें काम संग्राहकाचें आहे, आणि त्यासाठीं संकोचनाचें तंत्र थोडें तरी समजून घेतलें पाहिजे.

प्रथम आकाराचा हिशेब पाहूं. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या फितीचें एक चित्र ७२० × ५७६ बिंदूंचें धरतात व सेकंदाला अशीं २५ चित्रें असतात. प्रत्येक बिंदूस सरासरी दोन बाइट धरले तर सेकंदास सुमारें २ कोटि ७ लक्ष बाइट, म्हणजे तासास जवळजवळ ७५ गिगाबाइट होतात. आजच्या १९२० × १०८० बिंदूंच्या चित्राचे, रंगाची काटकसर करून बिंदूस दीड बाइट धरले तरी, तासास २८० गिगाबाइट होतात. एवढा भार कोणताहि संग्रह वाहूं शकत नाहीं. म्हणून संकोच अपरिहार्य आहे.

संकोचाची मूळ कल्पना संस्कृतज्ञांस नवी नाहीं. पाणिनीच्या सूत्रांत एकदां आलेलें पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीनें चालतें, तें पुन्हां लिहीत नाहींत. ऋग्वेदाच्या पदपाठाच्या पोथ्यांत पूर्वीं येऊन गेलेला विशिष्ट पदसमूह पुन्हां आला म्हणजे तो गाळतात. त्यास ‘गलित’ म्हणतात. व्हिडिओचें संकोचनहि असेंच चालतें. अधूनमधून एक चित्र संपूर्ण लिहितात व पुढील चित्रांत केवळ काय बदललें तेवढेंच नोंदतात. यामुळेंच स्थिर मनोऱ्याचें चित्र थोड्या जागेंत मावतें, आणि वाफ, पाऊस, पिंपळाचीं पानें किंवा फितीवरील खरखर यांना पुष्कळ जागा लागते. कारण तेथें प्रत्येक क्षणीं सारेंच बदलतें, अनुवृत्ति चालत नाहीं. फरक एवढाच कीं पदपाठांत गाळलेलें पूर्णपणें परत मिळतें, आणि नेहमींच्या व्हिडिओ-संकोचांत डोळ्यास दिसणार नाहीं असें समजलेलें बारीक तपशील कायमचें जातें.

म्हणून प्रती दोन कराव्या असें आमचें ठाम मत आहे : एक आदर्श प्रत व दुसरी पाहण्याची प्रत. दोन्ही कामें एका फाइलीकडून करून घेण्याच्या हव्यासांतच बहुतेक नुकसान होतें.

आदर्श प्रतींत एकहि बिंदु बदलतां कामा नये. यासाठीं ‘एफएफव्ही१’ नांवाची संकोचनपद्धति आहे. ती निर्हानि आहे, म्हणजे उलगडल्यावर मूळ जसेंच्या तसें मिळतें. तिचें स्वरूप २०२१ सालीं अधिकृत रीतीनें प्रसिद्ध झालें असून ती कोणाच्याहि मालकीची नाहीं. तिच्यामुळें वर सांगितलेले ७५ गिगाबाइट सामान्यतः निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येतात. तासाभराच्या फितीस ३०–३५ गिगाबाइट म्हणजे फार, असें कोणी म्हणेल. परंतु चार टेराबाइटच्या एका डबीएवढ्या तबकडींत अशा शंभराहून अधिक फिती राहतात. मालकीहीनतेवर आम्ही जोर देतों त्यास कारण आहे. महानुभावांची सकळ लिपि पंथाबाहेरच्यांस विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उलगडली नाहीं. ग्रंथ शाबूत होते, किल्ली तेवढी नव्हती. एखाद्या कंपनीच्या गुप्त पद्धतींत बांधलेली फाइल, ती कंपनी बुडाल्यावर, याच अवस्थेस जाईल, आणि तेथें किल्ली सांगणारे महंतहि नसतील.

या प्रतींत दुरुस्ती कसलीच करूं नये. फितींतील चित्र दोन अर्धांनीं बनतें : प्रथम विषम ओळी, मग सम ओळी, सेकंदास असे ५० अर्ध. ते तसेच ठेवावे. कंगव्यासारखे दांते दिसतात ते याच अर्धांच्या चुकीच्या जुळणीनें, पण त्यांचा उपाय पाहण्याच्या प्रतींत करावयाचा. आजकाल कृत्रिम बुद्धीनें जुनें चित्र ‘स्पष्ट’ करून देण्याची टूम निघाली आहे. व्हीएचएस फितींत आडव्या दिशेनें सुमारें २४० रेषांइतकाच तपशील असतो. त्याहून अधिक जें दिसतें तें यंत्रानें कल्पिलेलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ आहे. वाचकास तो ओळखतां येतो. यंत्राच्या कल्पित पाठाखालीं अशी रेघ नसते. इंजिनावरचा अंक वाचतां येत नसेल तर तो तसाच राहूं द्यावा. यंत्रानें घडविलेला अंक उद्यां कोणी पुरावा म्हणून छापील.

आतां पाहण्याची प्रत. येथें नेहमींच्या पद्धति तीन आहेत : २००३ सालची एच.२६४, २०१३ सालची एच.२६५ आणि २०१८ सालची एव्ही१. पुढची पद्धति मागचीपेक्षां तेवढ्याच गुणाला कमी जागा घेते, परंतु फाइल तयार होण्यास वेळ अधिक लागतो व जुन्या उपकरणांवर ती चालेलच असें नाहीं. जुन्या फितींच्या लहान चित्रासाठीं आम्ही एच.२६४ च सुचवितों. ती आजच्या जवळजवळ प्रत्येक फोनवर व दूरदर्शन संचावर चालते, आणि एवढ्या लहान चित्रांत वांचणारी जागा त्रासाच्या मानानें क्षुल्लक आहे. १९२० × १०८० किंवा त्याहून मोठ्या नव्या चित्रणास मात्र एच.२६५ चा विचार अवश्य करावा.

पुढें नेमणुकीचा प्रश्न येतो, आणि खरी गोम येथेंच आहे. पुष्कळ दुकानदार ‘बिटरेट’, म्हणजे सेकंदास इतके बिट, हें ठरवून टाकतात. हें म्हणजे लेखकाला प्रत्येक अध्याय बरोबर दहा पानांत बसव असें सांगण्यासारखें आहे : लहान अध्यायांत पानें कोरीं जातील व मोठ्यांत अक्षरें मुंगीएवढीं होतील. ओसरीच्या स्थिर चित्रावर बिट वायां जातात आणि इंजिनाच्या वाफेस ते पुरत नाहींत. दुसरा मार्ग ‘सीआरएफ’ चा. त्यांत अक्षराचें वळण ठरवितात, पानें लागतील तितकीं घेऊं देतात. एच.२६४ च्या प्रचलित ‘एक्स२६४’ साधनांत हा अंक ० पासून ५१ पर्यंत असतो. अंक जितका लहान तितका गुण अधिक. न सांगतां साधन २३ घेतें. अंक सहानें उतरविला तर फाइल सुमारें दुप्पट होते, सहानें चढविला तर सुमारें निम्मी. १८ च्या आसपास सामान्य डोळ्यास मुळांतील व प्रतींतील भेद कळेनासा होतो. संग्रहाच्या कामाला आम्ही १८ ते २० पसंत करतों. गांवच्या मंडळींस वाटावयाच्या प्रतीला २३ चालेल. हे अंक साधनापरत्वें बदलतात, हें विसरूं नये. एच.२६५ च्या ‘एक्स२६५’ मध्यें आपोआप घेतला जाणारा अंक २८ आहे, एव्ही१ च्या साधनांत अंक ६३ पर्यंत जातात. त्यांची परस्पर तुलना व्यर्थ होय.

ठराविक बिटरेट एकाच वेळीं योग्य : जागा मोजकी असते तेव्हां. ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडींत दोन तासांचें चित्र बसवावयाचें, तर सेकंदास सुमारें ५.२ मेगाबिट वांट्यास येतात, आणि त्यांतून ध्वनीचा भाग वजा जातो. अशा वेळीं दोन फेऱ्यांची रीति घ्यावी. पहिल्या फेरींत साधन सारी फीत वाचून कोठें गर्दी आहे तें टिपून घेतें, व दुसऱ्या फेरींत त्याप्रमाणें जागा वांटतें.

‘प्रिसेट’ म्हणून आणखी एक नेमणूक असते. तिचा अर्थ साधनानें किती वेळ डोकें चालवावें एवढाच. ‘स्लो’ घ्यावें. रात्रभर यंत्र चाललें तर आपलें कांहीं जात नाहीं. त्याहून मंद श्रेणींत लाभ फार थोडा. चित्रपत्रकांतील हार्डवेअर साधन कित्येक पट वेगानें काम करतें, पण तितक्याच गुणाला सामान्यतः मोठी फाइल देतें. घाईच्या कामाला तें ठीक.

पाहण्याच्या प्रतींत अर्धांची जुळणी करून सेकंदास ५० पूर्ण चित्रें करावीं, म्हणजे चालत्या गाडीची गति सहज दिसते. चित्राचें प्रमाण ४ : ३ ठेवावें. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या आल्या म्हणून बिघडत नाहीं. खरखर पुसण्याचा मोह आवरावा. हलक्या हातानें पुसली तर फाइल लहान होते हें खरें, परंतु खरखरीबरोबर कापडाचें पोत व दगडावरचें नक्षीकामहि पुसलें जातें.

पोथ्यांचें चित्रण करणाऱ्यांस दोन शब्द निराळे सांगितले पाहिजेत. बहुतेक व्हिडिओंत प्रकाश-छाया पूर्ण बारकाईनें लिहितात व रंग मात्र चार बिंदूंस मिळून एकदांच. डोळा रंगाच्या बाबतींत मंद असल्यानें एरव्हीं हें खपतें. परंतु ३० सेंटिमीटर रुंदीचें पान १९२० बिंदूंत घेतलें तर इंचास सुमारें १६० बिंदु येतात, आणि रंगाला त्याच्या निम्मे, ८० च. हिंगुळाचे बारीक दंड, समासांतील तांबड्या शाईचे काकपद, हरताळ फांसून केलेली दुरुस्ती हीं यांत पसरट होतात, कधीं दिसेनाशीं होतात. लेखकानें कोठें खोडलें हें ज्यास पाहावयाचें, त्याला असली प्रत फसवील. म्हणून पोथीच्या मजकुरासाठीं स्थिर छायाचित्रेंच घ्यावीं, इंचास ३०० बिंदूंहून कमी नको. व्हिडिओ ठेवावा तो पान उलटण्याची, बांधणीची, वाचणाऱ्याच्या पठणाची नोंद म्हणून. पठण असेल तेथें ध्वनीवर कंजुषी नको : संकोच न केलेला दोन मार्गांचा ध्वनि तासास सुमारें ६९० मेगाबाइट घेतो, आणि चित्राच्या मानानें तें कांहींच नव्हे.

अंक ठरविण्यापूर्वीं परीक्षा करावी. फितींतील सर्वांत अवघड एक मिनिट निवडावें, इंजिन वाफ सोडतें तें किंवा दिव्यांच्या उजेडांतील कीर्तनाचें. तेवढ्याच भागाच्या १८, २१ व २४ अंकांच्या प्रती करून एकच चित्र थांबवून तिन्हींत पाहावें. चेहऱ्याकडे पाहूं नये, तो शेवटपर्यंत बरा दिसतो. काळोख्या कोपऱ्याकडे, भिंतीच्या पोताकडे आणि पाटीवरील अक्षरांकडे पाहावें. जेथें भेद प्रथम दिसेल त्याच्या अलीकडचा अंक घ्यावा. ‘हँडब्रेक’ व ‘एफएफएम्पेग’ हीं दोन्ही साधनें विनामूल्य असून त्यांत हें सारें करतां येतें.

प्रतीवरून प्रत करूं नये, हा पोथ्यांचा नियम येथें अधिकच कडक पाळावा. पाहण्याच्या प्रतीवरून पुन्हां संकोच केला कीं पहिल्याचे दोष साधनाला खरें चित्र वाटतात व तेच तें जपून लिहितें. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठविलेली फाइल वाटेंतच पुन्हां आकसते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास जशीच्या तशी पोंचते. नवी प्रत हवी तेव्हां आदर्श प्रतीवरूनच करावी.

आणि पुष्पिका लिहावी. जुने लेखक अक्षरें मोजून शेवटीं ग्रंथसंख्या देत, तिच्यावरून पाठ गळला कीं नाहीं हें ताडतां येई. फाइलीसाठीं तेंच काम एसएचए-२५६ ची बेरीज करते. ती एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवावी व दरवर्षीं ताडून पाहावी. त्याच ठिकाणीं फीत कोणाच्या घरची, कोणत्या सालची, कोणत्या यंत्रावर व कोणत्या दिवशीं वाचली, पद्धति कोणती, अंक किती, प्रिसेट कोणतें, अर्धांची जुळणी केली कीं नाहीं, हें मराठींत नोंदावें. आदर्श प्रत दोन निरनिराळ्या घरीं असावी. मूळ फीत टाकूं नये. कोरड्या जागीं, उभी, लोहचुंबकापासून दूर ठेवावी.