चलो गौताळा!

लडाखचा प्लॅन आमच्या ग्रुपमध्ये गेली सहा वर्षं शिजतोय. जानेवारीत कुणीतरी मॅप टाकतं, मार्चमध्ये रजांचा हिशेब होतो, मेमध्ये कुणाचं तरी लग्न निघतं आणि पाऊस पडला की सगळे मिळून खुलताबादच्या वळणावर कणसं खाऊन परत येतात. तुमचंही असंच असेल तर आपलं जमेल!

गेल्या सप्टेंबरात मात्र आम्ही दोघीच निघालो. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. ही वाळूजमध्ये एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट्समधले दोष शोधते आणि ती सवय तशीच घरी घेऊन येते, म्हणून आमच्यात तिचं नाव 'इन्स्पेक्टर'. तिच्या अटी साध्या होत्या. डोंगर हवा, जंगल हवं, गाडी तुझी आणि रात्री घरी.

आता डोंगरातलं नॅशनल पार्क म्हटलं की डोक्यात हिमालय येतो. महाराष्ट्रातही सहा आहेत हां... ताडोबा, नवेगाव, पेंच, मेळघाटातलं गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. आपल्याकडे आहे ते अभयारण्य, गौताळा-औट्रमघाट. 1986 साली जाहीर झालेलं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरात थोडं आपल्या आणि थोडं जळगाव जिल्ह्यात पसरलेलं. कन्नड आपल्यापासून साठेक किलोमीटर. हिंजवडीतला माणूस एवढ्या वेळात फार तर ऑफिसच्या पार्किंगमधून बाहेर पडतो!

पहाटे साडेपाचला निघालो. दौलताबादची ती दगडी वेस लवकर ओलांडलेली बरी, नाहीतर दोन बस समोरासमोर आल्या की हॉर्नची मैफल ऐकत बसायचं. किल्ला, घाट, खुलताबाद, वेरूळ... हे सगळं आपण पाहुण्यांना दाखवून दाखवून पाठ केलेलं. वेरूळच्या पुढे मात्र रस्ता आपला राहत नाही. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, लांबवर निळसर डोंगर, आणि गाडीत एकदम शांतता. कन्नड मागे टाकून काळीमठाकडे वळलो तेव्हा ऊन नुकतं कोवळं पडलं होतं.

पहिला मुक्काम पितळखोरे. लेणी म्हटलं की संभाजीनगरकर जांभई देतो, मला माहितीय. घराच्या एका बाजूला अजिंठा, दुसऱ्या बाजूला वेरूळ असल्यावर दुसरं काय होणार? पण इथे तिकिटाची रांग नाही, गाइड नाही, 'सेल्फी प्लीज' म्हणणारी गर्दी नाही. दरीच्या काठावरून पायऱ्या खाली उतरतात, मध्ये ओढा लागतो आणि पलीकडच्या कड्यात लेणी. एकूण तेरा-चौदा. इसवी सनाच्याही आधी खोदायला घेतलेली, म्हणजे अजिंठ्यातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. दगड ठिसूळ निघाला, त्यामुळे बरीचशी दर्शनी बाजू कोसळली आहे. जे उरलंय ते भन्नाट आहे. ओळीने उभे हत्ती, दारावर भाले घेतलेले द्वारपाल आणि शेजारी पाच फण्यांचा नाग. या नागासाठी खडकातून पन्हळ काढली आहे, वरून आलेलं पाणी त्याच्या फण्यांमधून बाहेर पडावं म्हणून. इन्स्पेक्टरने वाकून, मोबाइलचा टॉर्च मारून ती पन्हळ नीट तपासली.

"दोन हजार वर्षांपूर्वीचं प्लंबिंग आहे हे. आणि आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही."

मला स्वतःला जास्त आवडली ती इथल्या लेखांतली माणसं. लेणी खोदायला ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. एक मितदेव, सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या घरातला, पैठणचा. एक राजवैद्य मगिल आणि त्याच्या घरची मंडळी. इथे सापडलेली एक यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लिहिलंय की ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली. राजे-महाराजे नाहीत, तर अत्तरवाला, डॉक्टर, सोनार! म्हणजे थोडक्यात आपल्यासारखेच कामधंद्याचे लोक. पैठणहून इथवर येताना त्यांना किती दिवस लागले असतील? आम्ही थर्मासमधला चहा पीत पायरीवर बसून तेवढाच विचार करत होतो.

परत कन्नडला येऊन शेवभाजी-भाकरी हाणली. (खानदेश जवळ आल्याची पहिली खूण कुठल्या पाटीवर नसते, ती शेवभाजीच्या तर्रीत असते.) आणि मग नागदकडे जाणारा रस्ता धरला. हा रस्ता अभयारण्याच्या पोटातून जातो. नाक्यावर नाव-गाडी नंबर लिहून घेतलं. तिथल्या वनरक्षकदादांनी आम्हा दोघींना आणि गाडीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ताई, काचा वर ठेवा. माकडांना काही देऊ नका. अन् गाणे बंद."

"दादा, वाघ दिसेल का हो?"

"तो तुम्हाला पाहीन. तुम्हाला नाही दिसायचा."

हसू नका, वाघाचा प्रश्न फालतू नव्हता. 2021 च्या मार्चमध्ये इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात खरंच वाघ आला. कित्येक दशकांनी! अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर. 300 हून जास्त किलोमीटर चालत आलेला. त्याच्याआधी 2019 मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला होता. त्याची एकूण पायपीट सुमारे 3000 किलोमीटर भरली. तरुण नराला आईच्या इलाख्यात फार दिवस जागा नसते, स्वतःचा इलाखा शोधायला निघावंच लागतं. मग रात्री चालायचं, दिवसा ओढ्या-नाल्यांत, उभ्या पिकांत दडून राहायचं. आपण ज्याला 'मध्ये काहीच नाही' म्हणतो तो पट्टा त्याच्यासाठी हायवे असतो. बुलढाण्याकडून अजिंठ्याचे डोंगर थेट इकडे येतात, म्हणून गौताळा त्याला सापडलं. डोंगर मध्येच कापला की वाटही संपली.

हे सगळं मी इन्स्पेक्टरला मोठ्या उत्साहात सांगत होते. बाहेर अंजन, सालई, धावडा, पळस... सगळं दाट हिरवं. रस्ता कधी फांद्यांच्या बोगद्यातून जायचा, कधी एकदम उघड्यावर यायचा आणि समोर दरी. एक मोर रस्त्यात असा उभा की जणू टोल घेतोय. गौताळा तलावाजवळ गाडी बंद केली तर कानांना शांतता टोचली. फोनवर एकही काडी नाही.

"म्हणजे त्याचीही होम टाऊनमध्ये ग्रोथ नव्हती तर," ती म्हणाली.

"कुणाची?"

"वाघाची." मग थोडं थांबून, "मला पुण्याची ऑफर आलीय. उद्या उत्तर द्यायचंय. घरी सांगितलं नाहीये अजून."

पाच वर्षांत मी हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की सवय व्हायला हवी होती. दहावीच्या बॅचमधले निम्मे आज पुण्यात आहेत. आपल्याकडे काम नाही असं नाही. वाळूज आहे, शेंद्रा आहे, ऑरिक आहे. पण तिच्या खुर्चीच्या वरची खुर्ची पुण्यात आहे, हे तिलाही माहीत आणि मलाही. आईचे गुडघे, बाबांची रिटायरमेंट, आमचा रविवार... या गोष्टी कुठल्याच ऑफर लेटरमध्ये येत नाहीत. मी 'जा' म्हटलं नाही. 'नको जाऊस' म्हणायचा मला काय अधिकार? तळ्याच्या काठावर आम्ही बराच वेळ नुसत्या बसलो. एका बगळ्याने तेवढ्यात तीन मासे पकडले.

नागदला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. तिथून डोंगराच्या पायथ्यापायथ्याने पाटणादेवी. चंडिकेचं जुनं दगडी मंदिर, मागे अंगावर येणारे कडे. सकाळी पाहिलेली पितळखोऱ्याची लेणी त्याच कड्यांच्या वरच्या अंगाला, आणि देवीपाशी गणितातली सगळ्यात गोड गोष्ट. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, असं सांगणारा 1207 सालचा शिलालेख या परिसरात मिळाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो 19व्या शतकात जगापुढे आणला. नातवाने आजोबांच्या नावाने क्लास काढला आणि सरदारांनी त्याला देणगी दिली, असं समजा! इन्स्पेक्टरने देवीपुढे डोळे जरा जास्तच वेळ मिटले. मी विचारलं नाही.

परतीला चाळीसगावकडून कन्नडचा घाट. कागदोपत्री औट्रम घाट. जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा अधिकारी 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारायला आला, त्याचं नाव घाटाला चिकटलं ते अजून आहे. आमच्या लहानपणीचा घाट म्हणजे ट्रकांची न संपणारी रांग. हिच्या मावसबहिणीच्या लग्नाला धुळ्याला जाताना अख्खं वऱ्हाड पाच तास घाटात अडकलं होतं आणि बस्त्यातल्या साड्यांवर पोरं झोपली होती! 31 ऑगस्ट 2021 ला अतिवृष्टीत दरडी कोसळल्या तेव्हा हा रस्ताच मोडला. पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाटात बंदी झाली आणि ट्रक नांदगावमार्गे वळवले गेले. ट्रकवाल्यांच्या डिझेलचा हिशेब त्यात बिघडला, हे खरंच. डोंगराखालून बोगदा काढायची चर्चा तर वर्षानुवर्षं चालू आहे. मला विचाराल तर रस्ता खालून गेला तर वरचा डोंगर चालणाऱ्यांना मोकळा राहील. चार पायांच्या मंडळींना घाटाची एनओसी कोण विचारतो?

चढायला लागलो तेव्हा अंधारत होतं. वळणावळणावर ढग गाडीच्या बॉनेटवर येऊन बसत होते. एका वळणावर कठड्याशी चारपाच गाड्या, गाणी चालू, चिप्सच्या पुड्या आणि त्या पुड्यांवर तुटून पडलेली माकडं. सकाळचे दादा आठवले. आम्ही न थांबता पुढे गेलो.

घाटमाथ्यावर नेटवर्क परत आलं. तिचा फोन सात-आठ वेळा टिणटिणला. एचआरचे दोन मेल, आईचे तीन मिस्ड कॉल, बाकी ग्रुपवरचे जोक. तिने आधी आईला फोन लावला.

"हां आई, घाट चढलो. हो, जेवलो. ऐक ना... घरी आल्यावर तुझ्याशी आणि बाबांशी बोलायचंय. नाही गं, टेन्शनचं नाही. जागी राहा."

फोन ठेवला, काच खाली केली आणि म्हणाली, "कन्नडला चहा घेऊ. माझ्याकडून. आणि हळू चालव."