डेट्रॉइटच्या गिऱ्हाइकाने पाठ का फिरवली?

देशी मोटार सोडून परदेशी मोटारीकडे वळणाऱ्याला देशप्रेम कमी असते, असे समजण्याची चूक अमेरिकेने केली. ती तिला महागात पडली.

१९५८ साली टोयोटाने 'टोयोपेट क्राउन' अमेरिकेत विकायला आणली आणि तिची पार फजिती झाली. जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी बांधलेली ही जड गाडी तिथल्या महामार्गांवर धापा टाकायची, तिचे इंजिन तापायचे. थोड्याच वर्षांत कंपनीला तिची विक्री थांबवावी लागली. पण १९८९ साली त्याच अमेरिकेत सर्वाधिक खपलेली मोटार होती होंडाची 'अकॉर्ड'. 'लोकांना परदेशी वस्तूंची भुरळ पडते' हे ठरीव उत्तर इथे चालत नाही. नुसती भुरळच असती, तर टोयोपेटही खपली असती.

खरे उत्तर सत्तरच्या दशकात आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्या काळची सरासरी अमेरिकी मोटार लिटरला जेमतेम सहा किलोमीटर जायची. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्यांचा नफा मोठ्या गाड्यांत होता, त्यामुळे छोट्या गाडीत त्यांनी जीव ओतलाच नाही. शेव्हर्लेच्या 'व्हेगा'चा पत्रा गंजायचा आणि इंजिन लवकर जायचे. फोर्डच्या 'पिंटो'ला मागून धडक बसली तर पेट्रोलची टाकी फुटून आग लागण्याचा धोका होता. अखेर १९७८ मध्ये अशा सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

याच सुमारास धूर कमी करण्याचा नवा कायदा पाळणे अशक्य आहे, असे डेट्रॉइट सांगत होते. होंडाने वेगळ्या रचनेचे इंजिन बनवून, धूर गाळणारे वेगळे यंत्र न बसवताच 'सिव्हिक' त्या कसोटीला उतरवली. एवढ्यावर न थांबता जनरल मोटर्सचीच भलीमोठी 'इम्पाला' विकत घेऊन तिच्यावरही तेच तंत्र बसवून दाखवले. अडचण इच्छेची होती, तंत्राची नव्हती, हे त्यातून उघड झाले.

सकाळी सुरू होणारी गाडी

अमेरिकेच्या बहुतेक भागांत कामावर जायला बस नाही, लोकल नाही. सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाला गाडीकडून हवी असते ती बिनघोर सेवा. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे मासिक आपल्या वाचकांकडून दुरुस्तीचे अनुभव मागवून दरवर्षी तक्ते छापायचे. कोणत्या गाडीचा कोणता भाग किती वेळा बिघडला, हे कुणालाही त्यात पाहता येत होते. त्या तक्त्यांत जपानी गाड्या वर चढत गेल्या आणि शेजाऱ्यांच्या गप्पांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. जुनी गाडी विकताना किंमतही चांगली येऊ लागली. ही निवड हिशेबाने झाली होती.

डेट्रॉइटने मात्र दोष बाहेर शोधला. कामगार बेकार होत होते, त्यांचे दुःख खरे होते. पण त्या संतापाला भलतेच वळण लागले. १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या अमेरिकी तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघांनी जपान्यांवरच्या रागातून बेदम मारले आणि त्यात त्याचा जीव गेला. ते दोघे एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत.

सरकारने संरक्षणाची भिंत उभारली. १९८१ पासून जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारीच पाठवायच्या, असे ठरले. झाले उलटेच. संख्या बांधली गेल्यावर जपानी कंपन्या अधिक महागड्या गाड्या पाठवू लागल्या आणि थेट अमेरिकेतच कारखाने काढू लागल्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरिसव्हिलला 'अकॉर्ड' बनू लागली, ती अमेरिकी कामगारांच्याच हातून.

तेच कामगार, तोच कारखाना

या गोष्टीतला सर्वांत बोलका धडा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि वाईट मालासाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. दोन वर्षांनी टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि बहुतेक जुन्याच कामगारांना परत घेतले. बदलली ती कामाची रीत. पूर्वी काही झाले तरी जुळणीची ओळ थांबवायची नसे, दोष तसाच पुढे जाई. आता दोष दिसताच कोणताही कामगार दोरी ओढून मदत मागू शकत होता, गरज पडली तर अख्खी ओळ थांबे. त्याच हातांतून उत्तम गाड्या बाहेर पडू लागल्या. कामगार आळशी नव्हते. त्यांचे कुणी ऐकत नव्हते.

पुढे याच कारखान्यात टोयोटा 'कोरोला' आणि जनरल मोटर्सची 'प्रिझम' अशा जवळजवळ जुळ्या गाड्या बनल्या. तरी गिऱ्हाईक कोरोलाला जास्त पैसे मोजी. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते, तसे हे होते. भरवसा गमवायला थोडी वर्षे लागतात, परत मिळवायला कितीतरी जास्त.

आपणही यातून गेलो आहोत. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, कारण पर्याय नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या तंत्रावरची मारुती ८०० आली आणि पर्याय मिळताच गिऱ्हाइकाने आपला कौल दिला. उलटही घडले आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेल्या टाटा 'नेक्सॉन'ला २०१८ मध्ये जागतिक धडक-चाचणीत पाच तारे मिळाले आणि देशी गाडीही कुटुंबाचा जीव राखू शकते, हे सिद्ध झाले. ही पत कोणत्याही आयातकराने मिळवून दिली नव्हती.

म्हणून गाडी घ्यायला जाल तेव्हा बोधचिन्ह आणि देश दोन्ही क्षणभर बाजूला ठेवा. धडक-चाचणीचा निकाल मागा, दुरुस्तीचा खर्च विचारा, पाच वर्षे तीच गाडी चालवणाऱ्याशी बोला. देशी उद्योगाचे खरे हित चोखंदळ गिऱ्हाइकातच आहे.