वासराचा पहिला श्वास

गाय विते, वासरू जमिनीवर येते आणि काही क्षणांत त्याची छाती वरखाली होऊ लागते. हे इतके सहज घडते की, त्यामागील कारणाचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु अडलेल्या गाईचे वासरू निपचित पडून राहिले, म्हणजे श्वास सुरू करणारी यंत्रणा कोठे असते हे जाणणे अगत्याचे ठरते.

ही यंत्रणा फुप्फुसांत नसून मेंदूच्या बुडाशी, लंबमज्जेत असते. तेथील काही पेशींच्या ठायी रासायनिक ग्राहक असतात. गर्भाशयात वासरास प्राणवायू नाळेतून मिळतो. नाळ तुटली की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून आम्लता वाढते. ग्राहकांना ती कळते व श्वासपटलास आणि फासळ्यांच्या स्नायूंना आज्ञा सुटते. बाहेरची थंड हवा व आईचे चाटणे यांचेही या कामी साहाय्य होते. प्राणवायूची उणीव ओळखणारे मुख्य ग्राहक मात्र मानेतील रोहिणीपाशी असतात. त्यासंबंधीच्या संशोधनाबद्दल बेल्जियमचे शास्त्रज्ञ हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वाढता कार्बन डायऑक्साइड श्वसनकेंद्रास जागे करतो खरा. तथापि प्रसूती फार लांबल्यास प्राणवायूच्या अभावी ते केंद्रच मंदावते. मग आम्लता कितीही वाढली तरी आज्ञा सुटत नाही. म्हणून गाय अडताच पशुवैद्यास बोलवावे. ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणणे वासराच्या जिवावर बेतते.

वासरू श्वास घेत नसल्यास प्रथम नाकातोंडातील चिकट स्राव पुसून काढावा. त्यास कुशीवर पडू न देता छातीवर बसवावे व मागचे पाय पुढे घ्यावेत, म्हणजे दोन्ही फुप्फुसे फुलू शकतात. नाकपुडीत गवताची स्वच्छ काडी फिरवावी, डोक्यावर थंड पाणी ओतावे आणि कोरड्या गोणपाटाने अंग जोराने चोळावे. या सर्व उपायांनी श्वसनकेंद्रास चेतना मिळते.

वासरास उलटे टांगण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तीत बाहेर पडणारे पाणी बहुतांशी पोटातील असते, आणि आतड्यांचा भार श्वासपटलावर येऊन श्वास अधिकच कोंडतो. वासराच्या तोंडास तोंड लावून फुंकणेही टाळावे. गाईस सांसर्गिक गर्भपाताचा रोग असेल तर तो माणसास जडतो.

श्वास नियमित झाल्यावर नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे व शक्य तितक्या लवकर, पहिल्या दोन तासांच्या आत, चीक पाजावा. अशक्त वासरू स्वतः उठून आचळ शोधील अशी वाट पाहू नये.