चारी दिशांच्या अक्षता

श्रावणातील शुक्रवारी जिवतीची पूजा आटोपली, की माउली निरांजनाचे तबक हाती घेऊन लेकरांना ओवाळते. घरी असतील त्यांच्या मस्तकी अक्षता पडतात. पण जो शिक्षणासाठी वा पोटासाठी दूरदेशी गेला आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी ती चारी दिशांना अक्षता टाकते. पुढे अमावास्येस पिठोरीचे व्रत येते. चौसष्ट योगिनींचे पूजन होते आणि खीर-पुरीचे वाण मस्तकी धरून, मागे न पाहता आई विचारते, ‘अतिथी कोण?’ पाठीमागून लेकरू ‘मी’ म्हणते आणि वाण घेते.

परंतु मागून उत्तरच आले नाही, तर? लेकरू केवळ घरापासून नव्हे, तर घराच्या श्रद्धेपासूनच दुरावले असेल, तर मातेने काय करावे? हा प्रश्न आज अनेक घरांतून मूकपणे विचारला जातो. म्हणून या मातृदिनाच्या निमित्ताने आम्ही एका परधर्मीय मातेची कथा वाचकांपुढे ठेवीत आहोत. ख्रिस्ती समाज जिचा स्मरणदिन २७ ऑगस्टला, म्हणजे बहुधा आपल्या श्रावण-भाद्रपदाच्याच दिवसांत पाळतो, ती ही संत मोनिका.

उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी, आजच्या अल्जीरियात, चौथ्या शतकात ती नांदत होती. पती पॅट्रिशियस ख्रिस्ती नव्हता आणि स्वभावाने तापट होता. आयुष्याच्या अखेरीस तो पत्नीच्या धर्मात आला. इ. स. ३५४ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ऑगस्टीन. मुलगा कुशाग्र बुद्धीचा निघाला. विद्येसाठी त्यास कार्थेजला धाडले. तेथे विद्या तर मिळालीच, परंतु मन विषयसुखात रमले आणि मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथाने त्यास ओढून घेतले. त्या पंथात तो सुमारे नऊ वर्षे राहिला.

प्रथम मातेचा संताप अनावर झाला. ज्याने घरचा देव टाकला त्याच्यासोबत एका पंक्तीस बसणेही तिला नकोसे झाले. पुढे तिला एक स्वप्न पडले. आपण एका लाकडी पट्टीवर उभ्या आहोत, आणि तू जेथे आहेस तेथेच तुझा पुत्रही आहे, असे एक तेजस्वी तरुण आपणांस सांगत आहे, असे तिने पाहिले. त्या दिवसापासून तिने पुत्रास पुन्हा आपल्या पंक्तीस घेतले. मते पटली नव्हती. दार मात्र उघडले होते. आम्हांस या कथेतील हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्यासाठी प्रार्थना करावयाची, त्याचे ताट आधी वाढलेले असावे, हे त्या मातेने ओळखले. तिने एका बिशपास मुलाची समजूत घालण्याची विनवणी केली. त्याने वाद घालण्याचे नाकारले, परंतु मातेचे एवढे अश्रू वाया जाणार नाहीत, अशा अर्थाचे सांगून तिला धीर दिला.

इ. स. ३८३ मध्ये पुत्र रोमला निघाला. आई सोडीना, तेव्हा त्याने तिला फसविले. समुद्रकाठच्या एका प्रार्थनास्थळी ती रात्रभर देवाची आळवणी करीत राहिली आणि इकडे जहाजाने शीड उभारले. पहाटे किनारा रिकामा होता. मुलगा जाऊ नये हेच तिचे मागणे होते. ते मान्य झाले नाही. पण त्याच प्रवासाने तो मिलान नगरीस पोहोचला आणि बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकता ऐकता त्याचे मन पालटले. समुद्र ओलांडून माताही तेथे आली होती. ३८६ मध्ये त्याच्या मनाचा निश्चय झाला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला. एका तपाहून अधिक काळ विचारलेल्या प्रश्नास पाठीमागून उत्तर आले, ‘मी!’

त्याच वर्षी, मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत असता, ऑस्टिया बंदरी तिने देह ठेवला. देह कोठेही पुरा, फक्त देवाच्या वेदीपाशी माझे स्मरण ठेवा, एवढीच तिची इच्छा होती. पुढे धर्माचार्य झालेल्या पुत्राने ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात हे सर्व, स्वतःच्या फसवणुकीसह, लिहून ठेवले. म्हणूनच ते आपणांस कळते.

मोनिकेची ही परंपरा खंडित झालेली नाही. इंग्लंडातील ओल्ड ऑल्रेसफर्ड या खेड्यात १८७६ मध्ये मेरी सम्नर या धर्मगुरुपत्नीने मातांना एकत्र आणून ‘मदर्स युनियन’ स्थापन केली. गरीब-श्रीमंत असा भेद न करता मातांनी मुलांसाठी प्रार्थना करावी आणि आपल्या आचरणाने त्यांना वळण लावावे, हा तिचा हेतू. आज ती संस्था अनेक देशांत पसरली आहे. दूर कशाला, आपल्या वसईत आणि गोव्यात अनेक ख्रिस्ती घरांतून सायंकाळी रोझरीची माळ ओढली जाते. गोव्यात प्रार्थना संपताच लेकरे वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. दिवेलागणीस ‘शुभं करोति’ म्हणून थोरांना नमस्कार करणाऱ्या आपल्या बाळगोपाळांची आठवण कोणास होणार नाही?

देवाचे नाव वेगळे, भाषा वेगळी. मातेची ओंजळ मात्र एकच. प्रार्थना म्हणजे लेकराला ओढून आणण्याचा दोर नव्हे. तो परत येईल तेव्हा घरात दिवा तेवत असावा, म्हणून रोज घातलेले ते तेल आहे. यंदा जिवतीपुढे अक्षता हाती घेताना, ज्याच्याशी अबोला धरला आहे त्या लेकरासाठीही एक दाणा त्या दिशेने पडावा, आणि त्याचे पान पंक्तीत मांडलेले असावे, एवढीच आमची प्रार्थना.